श्वास कुठे खर्चायचा, हे कोण ठरवणार? सीओपीडीच्या एका रुग्णाचं प्रकरण

आम्ही घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, देतो. आमचे बहुतेक रुग्ण कॅन्सरचे असतात. सीओपीडीचे, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद होऊन कायमचा दम लागणाऱ्या फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे रुग्ण आमच्यापर्यंत फार उशिरा पोचतात, कित्येक तर पोचतच नाहीत. कॅन्सरमध्ये कुणीतरी डॉक्टर कधीतरी सांगतो की आता बरं होणं नाही. दम लागणाऱ्या माणसाला असं कुणी सांगत नाही. दर हिवाळ्यात ॲडमिट व्हायचं, दर वेळी एक पायरी खाली उतरून घरी यायचं, एवढंच चालू राहतं. पुढची नोंद अशाच एका बाईंची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आणखी एक-दोन घरांतल्या गोष्टी यात मिसळल्या आहेत.

आजार

गाव त्यांना आक्का म्हणतं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. वय ६८, वजन ३८ किलो. साताऱ्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. घरात मुलगा, सून, कॉलेजात जाणारा नातू. विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून चूल: तुरकाट्या, शेणी, पावसाळ्यात ओलं जळण आणि फुंकणी. आपल्याकडे सीओपीडी म्हटलं की डोळ्यासमोर सिगारेट ओढणारा पुरुष येतो, त्यामुळे अशा बायकांचं निदान वर्षानुवर्षं ‘दमा’ म्हणूनच चालतं. आक्कांनाही गावातून इंजेक्शनं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मिळत राहिल्या. हातावरची कातडी कागदासारखी झाली होती, जरा कुठे आपटलं की काळंनिळं.

शहरात स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, झाली तेव्हा एका सेकंदात बाहेर सोडता येणारी हवा, म्हणजे एफईव्ही-१, अपेक्षेच्या २८ टक्के भरली. ३० टक्क्यांच्या खाली गेलं की तो आजाराचा सर्वांत वरचा टप्पा धरतात. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५२, म्हणजे फार कमी, आणि कार्बन डायऑक्साइडचा ५४, म्हणजे जास्त. दम मोजायची ० ते ४ अशी एक साधी मोजपट्टी आहे. तिच्यात ४ म्हणजे घराबाहेर पडता येत नाही किंवा कपडे बदलतानाही दम लागतो. आक्का ४ वर होत्या. औषधाचे पंप स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून चालू होते, लसी झाल्या होत्या, घरी ऑक्सिजनचं मशीन दीड लिटरवर होतं. औषधांत वाढवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मूळ आजारावर शक्य ते सगळं करून झाल्यावरही जी धाप उरते आणि माणसाला जागेला खिळवते, तिला २०१७ मध्ये मिरियम जॉन्सन, डेव्हिड करो आणि इतर तज्ज्ञांनी वेगळं नाव देऊन स्वतंत्र लक्षणसमूह मानायला सांगितलं. नाव महत्त्वाचं नाही. ‘औषधं पूर्ण झाली’ या वाक्यावर फाइल बंद करता येत नाही, हे त्यातून येतं.

घरात काय दिसलं

खाट सोप्यात, दरवाजाच्या समोर. मशीन शेजारी. खिडकी बंद, कारण वारं लागलं की खोकला येतो असा समज. मी आक्कांना विचारलं, रात्री झोप कशी लागते? उत्तर मुलानं दिलं. भूक? उत्तर सुनेनं दिलं. आक्का एका दमात तीन-चार शब्द बोलू शकत होत्या, आणि पहिल्या दोन शब्दांनंतरच कुणीतरी त्यांचं वाक्य पुरं करत होतं. बऱ्याचदा चुकीचं. मग त्या हात थोडा वर उचलायच्या आणि परत मांडीवर ठेवायच्या. हे सगळं प्रेमापोटी चाललं होतं, हे सांगायला हवं. त्यांना बोलायचे कष्ट पडू नयेत असंच घरच्यांना वाटत होतं.

सिस्टरनं स्टूल ओढून आक्कांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून घेतलं आणि घरच्यांना चहा करायला आत पाठवलं. मग विचारलं, “आक्का, तुम्हाला नीट सांभाळायचं तर तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला पाहिजे?” हा प्रश्न कॅनडातल्या विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांचा. मरणासन्न माणसाची प्रतिष्ठा कशानं टिकते यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २००२ मध्ये त्याची एक मांडणी प्रसिद्ध केली. आमच्या टीमला ती मांडणी पाठ नाही, हा प्रश्न मात्र पाठ आहे.

उत्तर यायला बराच वेळ लागला. मधे थांबत, ओठ आवळून श्वास सोडत आक्का म्हणाल्या, “गावची चटणी... माझ्या मापानं व्हती. लग्नाची बी. आता समदी... मला लेकरावानी बोलत्यात.” आणि मग, “ह्या झग्यात... मला कुणी बघू नये.”

झगा

आक्कांनी आयुष्यभर नऊवारी लुगडं नेसलं. शेवटच्या ॲडमिशननंतर सुनेनं त्यांना गाऊन घातला, कारण निऱ्या घालून कासोटा खोचेपर्यंत त्यांचा जीव वर येत होता. वैद्यकीय हिशेबानं सूनबाई बरोबर होत्या. पण खाट दरवाजासमोर, येणारा-जाणारा चुलत दीर, जावई, भावकीतली माणसं, आणि डोक्यावर पदर घ्यायला पदरच नाही. आक्कांनी त्यावर आपला उपाय काढला होता. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग. महिन्याभरात लोक यायचे थांबले. फाइलमध्ये कुणीतरी ‘रुग्ण उदास, प्रतिसाद कमी, नैराश्याची शक्यता’ असं लिहून ठेवलं होतं.

नैराश्य तपासलंच, ते सोडून चालत नाही. पण आधी शिंप्याकडे गेलो. लग्नात मुली घालतात ती शिवलेली नऊवारी बाजारात मिळते, पण ती सिंथेटिक आणि कमरेला घट्ट. पोटावर दाब आला की अशा रुग्णाला श्वास खाली घ्यायला जागाच राहत नाही. गावच्या शिंप्यानं आक्कांच्याच दोन जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांना निऱ्या कायमच्या टाके घालून दिल्या. कमरेला सैल नाडी, ओचा हलका आणि पदर मोकळा. चोळीची गाठ काढून पुढे चिकटपट्टी. बसल्या बसल्या दोन्ही पाय घालायचे आणि एकदाच उभं राहायचं. पूर्वी कपडे बदलायला जेवढा दम खर्च व्हायचा, त्याच्या निम्म्याहून कमी लागायला लागला. खाट दरवाजासमोरून हलवून खिडकीजवळ आडोशाला घेतली. तिथून त्यांना रस्ता दिसायचा, रस्त्यावरच्याला त्या दिसायच्या नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पुढची सगळी आखणी तिच्यावर उभी राहिली. आक्कांकडे दिवसाला मोजका श्वास होता. तो आंघोळीवर खर्च करायचा, बोलण्यावर की लुगड्यावर, हे आजवर बाकीचे सगळे ठरवत होते. घरचे सोयीनं, आम्ही आकड्यांवरून. ठरवणं त्यांच्याकडे परत द्यायचं होतं.

पाणी का कमी प्यायच्या

बेडके घट्ट, जीभ कोरडी, पाच-पाच दिवस पोट साफ नाही. पाणी प्या, असं प्रत्येक डॉक्टरनं सांगितलं होतं. आक्का मान डोलवायच्या आणि दुपारनंतर घोटभरही प्यायच्या नाहीत. कारण संडास. अंगणापलीकडे, खाली बसायचा. उकिडवं बसलं की पोट वर दाबलं जातं, आणि उठताना मांडीच्या सुकलेल्या स्नायूंना सगळा जोर लावावा लागतो. एकदा त्या आत अडकल्या होत्या आणि मुलानं दार उघडून उचललं होतं. तेव्हापासून हा उपाय.

घरच्यांनी कमोडची खुर्ची आणली होती, पण ती सोप्यात पडद्यामागे ठेवली. त्यावर आक्का एकदाही बसल्या नाहीत. सिस्टरनं त्यांनाच विचारलं, मग कुठे ठेवू? उत्तर तयार होतं: धान्याच्या कोठीच्या खोलीत, आतून कडी लागली पाहिजे. आतून कडीला घरच्यांचा विरोध, बरोबरच होता, काही झालं तर आत कसं शिरणार? शेवटी बाहेरून पट्टी सरकवून उघडता येईल अशी कडी सुताराकडून बसवून घेतली. भांड्याला झाकण. सकाळी ते सोप्यातून न्यायचं नाही, मागच्या दारानं न्यायचं, आणि सुनेनं न्यायचं, मुलानं नाही. या सगळ्या अटी आक्कांच्या. दिवसा अंगणातल्या संडासात बैठकीवर ठेवायचं प्लास्टिकचं कमोड-स्टूल आणि भिंतीला दांडी, वाटेत मधोमध एक खुर्ची. पंप घेतल्यावर वीसेक मिनिटांनी जायचं.

पंधरवड्यात पाणी वाढलं, बेडके सुटायला लागले. यात औषधाचा काडीचा वाटा नव्हता.

आंघोळ त्यामानानं सोपी. पाटाऐवजी स्टूल, दार थोडं किलकिलं म्हणजे वाफ कोंडत नाही, अंग पुसण्याऐवजी मोठा टॉवेल गुंडाळून बसून राहायचं. रोज नाही, एक दिवसाआड.

धाप चढली की

केंब्रिजमधल्या सारा बूथ, ॲना स्पॅथिस यांच्या गटानं जुन्या धापेची तीन चक्रं सांगितली आहेत. उथळ, भराभर श्वासानं स्नायू दमतात आणि धाप वाढते. ‘आता गेले’ या विचारानं भीती वाढते आणि धाप वाढते. हालचाल टाळल्यानं हातपाय सुकतात आणि कमी कामातही धाप लागते. आक्कांच्या घरात दुसरं चक्र सगळ्या घराचं होतं. धाप चढली की तीन माणसं धावत येऊन वाकून ओरडायची, कुणी पाठ चोळायचं, कुणी मशीनचा आकडा वाढवायचं. हा शेवटचा प्रकार धोक्याचा. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो, गुंगी येते. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हे लक्ष्य, ९८ नव्हे, हे नातवाला पटवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

ठरलं ते असं. एकच माणूस जवळ येणार आणि तो बसणार, उभा राहणार नाही. आक्का पुढे वाकून उशीवर हात टेकणार, श्वास सोडताना शीळ घालताना करतो तसे ओठ. चार्जिंगचा छोटा पंखा गालावर आणि नाकाजवळ, वीतभर अंतरावर. चेहऱ्यावर गार हवा लागली की धापेची जाणीव कमी होते, याला चाचण्यांचा आधार आहे. त्यासाठी बंद खिडकी उघडावी लागली. पंखा आक्कांच्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि बोलायच्या खुणा: उघडा तळवा म्हणजे ‘थांबा, मी बोलतेय’, मूठ म्हणजे ‘आता सांभाळा’. तळव्याचा सर्वांत जास्त वापर त्यांनी मुलावर केला.

मॉर्फिनबद्दल थोडं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळवणं सोपं झालं आहे, आणि धापेसाठी ते द्यावं असं आम्ही शिकलो. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांना रोज कमी डोसचं मॉर्फिन देऊन धापेत फरक दिसला नाही. आक्कांना दहाच्या गोळीचा चौथा भाग रात्री देऊन पाहिला, सोबत पोट साफ होण्याची गोळी. धाप तेवढीच, बद्धकोष्ठ मात्र परतलं. इतक्या कष्टानं सुटलेला संडासचा प्रश्न पुन्हा उभा करण्यात अर्थ नव्हता. बंद केलं. गोळ्या शेवटच्या काळासाठी राखून ठेवल्या.

दिवा

मशीन बसवणाऱ्यानं घरात ज्योत नको असं बजावलं होतं. बरोबर बजावलं होतं, ऑक्सिजनजवळ आग भडकते. घरच्यांनी देवघरातली निरांजन उचलून ठेवली. आक्कांनी चाळीस-पन्नास वर्षं दिवेलागणीला दिवा लावला होता. त्या काही बोलल्या नाहीत. महिनाभरानं सिस्टरला म्हणाल्या, “मशीन माझ्यासाठी हाय का... मी मशीनसाठी?”

घरी दीर्घकाळ ऑक्सिजन द्यायची पद्धत १९८० आणि १९८१ मध्ये आलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन जुन्या चाचण्यांवर उभी आहे. रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेले रुग्ण त्यानं जास्त जगतात, पण दिवसाला किमान १५ तास लावला तर. म्हणजे उरलेल्या तासांत मोकळीक आहे. देवघर माजघरात, मशीन सोप्यात. संध्याकाळी मशीन बंद करायचं, नळी काढून तिथेच ठेवायची, दाराशी काही मिनिटं बसायचं म्हणजे कपड्यात साठलेला ऑक्सिजन जातो, मग नातवाचा हात धरून माजघरात. स्टुलावर बसून दिवा लावायचा. तो शांत झाल्यावरच परत सोप्यात यायचं. पहिल्या दिवशी ऑक्सिमीटरवर ८२ दिसलं. परतल्यावर धाप उतरायला बराच वेळ गेला. आक्कांनी पंखा गालावर धरला होता आणि आमच्या फिजिओथेरपिस्टकडे बघत होत्या. त्यानं विरोध केला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

हात

आधीच्या हिवाळ्यातल्या ॲडमिशनमध्ये त्यांना श्वासाला मदत करणाऱ्या मशीनला जोडलेला घट्ट मास्क लावला होता. असा मास्क कार्बन डायऑक्साइड साठलेल्या रुग्णाचा जीव वाचवतो, यात शंका नाही. पण तो लावताना कुणी काही सांगितलं नाही. आक्कांनी तो ओढून काढला म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले. श्वास कोंडलेल्या माणसाचे हात बांधणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदाच सांगितलं, मी इथे लिहीत नाही. त्यांची भीती मरणाची नव्हती, त्या रात्रीची होती.

त्यामुळे ‘पुढे काय’ हे बोलणं त्यांनीच काढलं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. आधीची प्रक्रिया फार किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. नातेवाइकांपैकी एकाहून जास्त नावं घालता येतात. याचा इथे उपयोग झाला, कारण आक्कांनी निर्णयासाठी सुनेचं नाव सांगितलं आणि मुलाचा चेहरा पडला. दोघांची नावं घातली, सुनेचं आधी. मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

कागदावर लिहिलं: मास्क चालेल, आधी हातात धरायला द्या आणि समजावून सांगा. दोन दिवसांत उपयोग झाला नाही तर काढा. घशात नळी घालून व्हेंटिलेटर नको. हात कधीही बांधू नका. पाचवी ओळ आक्कांनी सांगितलेली: अंगावर पदर राहू द्या.

डिसेंबरात छाती भरली आणि तालुक्याला न्यावं लागलं. सुनेनं तो कागद केस पेपरच्या वर ठेवला. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरनं वाचला, मास्क आक्कांच्या हातात दिला आणि म्हणाला, तुम्ही धरा, मी पट्टा नंतर बांधतो. त्यांनी तो बराच वेळ स्वतः धरला. चौथ्या दिवशी घरी. त्यानंतरचं मोठं दुखणं फेब्रुवारीत आलं, तेव्हा दवाखाना नको म्हणाल्या. राखून ठेवलेलं मॉर्फिन आणि भीतीसाठी जिभेखालची गोळी, यांवर चार दिवस गेले. घरीच गेल्या, सुनेच्या आणि सिस्टरच्या हाताशी.

सून

या प्रकरणात जे जमलं त्यातलं पुष्कळसं सुनेच्या झोपेवर उभं होतं. रात्री कोठीपर्यंत सोबत तिची, झाकणाचं भांडं तिचं, मागच्या दाराची वाट तिची. आक्का तिला एकदा आमच्यासमोर म्हणाल्या, “तुझं लई झालं गं,” आणि ती म्हणाली, “आत्या, बोलू नका, दम लागंल.” आठवड्यातून दोन रात्री नणंदेनं यायचं ठरलं, ते अर्ध्या वेळा पाळलं गेलं. मशीन ३०० वॅटचं, सोळा तास चाललं तर महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट. बिलासाठी कुठून मदत मिळाली नाही. लाइट गेली तर म्हणून ठेवलेल्या सिलिंडरचं भाडं वेगळं. आमच्याकडे रुग्णाच्या नावानं फाइल असते, सांभाळणाऱ्याच्या नावानं नसते. सुनेलाही आता चढावर दम लागतो असं सिस्टरच्या कानावर आलं. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. तिची स्पायरोमेट्री ठरवली आहे.

फिजिओथेरपिस्टशी माझा वाद चालूच आहे. त्याचं म्हणणं, दिव्यासाठी रोज ऑक्सिजन ८२ पर्यंत खाली नेणं आम्ही मान्य करायला नको होतं, बॅटरीवरची समई चालली असती. आक्कांना ती चालली नसती, हे त्यालाही माहीत आहे. त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही: आमचे बहुतेक रुग्ण एका खोलीत राहतात. तिथे देवघर, गॅसची शेगडी आणि मशीन यांत पाच पावलांचंही अंतर नसतं, आणि ‘नळी काढून मग’ ही अट एखाद्या दिवशी विसरली जाणारच. एका खोलीच्या घरांत ज्योत पूर्ण बंद, हे आम्ही दोघांनी ठरवलं आहे. दोन खोल्या आणि हात धरायला शहाणं माणूस असेल तरच रुग्णाला विचारायचं.